रंग ओला असताना घेतलेली सही

मी, खाली सही करणार, वय त्र्याहत्तर, धंदा दुकानांच्या पाट्या रंगवणे, शिक्षण सातवी, त्यात इंग्रजीत नापास, रस्त्यावर सगळे ज्याला अक्षरवाला म्हणतात तो, हे मृत्युपत्र माझ्याच हाताने आणि माझ्याच अकलेने लिहीत आहे. कोणी धाक घातलेला नाही. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकले आणि "काळजीचं काही नाही" म्हणाले, तेव्हापासून मला काळजी लागली आहे. काळजीचे काही नसते तर त्यांनी विषय काढला नसता. म्हणून या कागदावर सह्या होईपर्यंत मी शिडीवर चढणार नाही, रस्ता सिग्नलवरच ओलांडीन आणि जेवताना बोलणार नाही, असे ठरवले आहे.

तरी हे रडके लिखाण समजू नये. गेल्या दोन महिन्यांत माझ्या आयुष्यात असे काही चालले आहे की सकाळी गजर व्हायच्या आधीच मी कपडे करून बसलेला असतो. अक्षर कुठे वाकडे आले असेल तर ते आनंदामुळे, असे समजावे.

कलम १. घर. गाळ्यावरच्या दोन खोल्या मुलगा आणि सून यांना, दोघांच्याही नावाने. नुसत्या मुलाच्या नावाने करू नयेत. का, ते कलम चार वाचल्यावर कळेल. स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी आधी उजवीकडे वळवून मग खाली दाबायची असते, जोर लावून तोडू नये. गॅस नुसता शेगडीपाशी बंद करून भागत नाही, सिलिंडरपाशीही करावा. हे मी सुनेला रोज सांगतो. ती म्हणते, "बाबा, हे तुम्ही एकदाचं मृत्युपत्रात लिहून टाका." म्हणून लिहिले.

कलम २. बँक. पासबुक कपाटात इस्त्रीच्या कपड्यांखाली आहे. जे असेल ते मुलाचे. त्यातून त्याने नवीन मशीन घेऊ नये. त्याचा फ्लेक्स छापायचा धंदा आहे आणि तो चांगला चालतो, हे मी कबूल करतो. घेतलेच मशीन, तर अक्षरांत अंतर ठेवावे. त्याची अक्षरे बसमध्ये चेंगरल्यासारखी दिसतात.

कलम ३. अवजारे. खारीच्या केसांचे सगळे ब्रश, हात टेकवायची काठी आणि आखणीची दोरी माझ्या धाकट्या बहिणीला. यात पुढे बदल झाला आहे, कलम सहा पाहावे. लांब लाकडी पट्टी कोणाला देता येत नाही, कारण ती कोपऱ्यावरच्या फोटोग्राफरने "दोन मिनिटांत आणतो" म्हणून नेली, त्याला सव्वीस वर्षे झाली. त्याला मी काही ठेवत नाही. पट्टी परत आली तर मुलाने घ्यावी आणि चहा विचारू नये. टर्पेंटाइनच्या डब्याचे झाकण घट्ट लावावे.

कलम ४. गाळा. दप्तरात गाळा एकट्या माझ्या नावावर आहे. तो कसा आला ते आजवर मी कोणाला सांगितले नाही. इथे लिहितो.

आमचे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, त्यांनी आम्हा दोघांना अक्षर शिकवले. मी उजव्या हाताचा, धाकटी डावऱ्या हाताची. डावा हात डावीकडून उजवीकडे गेला की ओला रंग पुसला जातो, म्हणून अण्णांनी तिला पाटीच्या उजव्या टोकापासून मागे यायला शिकवले. मी डावीकडून निघायचो, ती उजवीकडून, आणि पाटीच्या मधे आमची गाठ पडायची. लोक रस्त्यात थांबून बघायचे. ती शेवटचे अक्षर आधी काढते आणि तरी ओळ बरोबर कशी बसते, याचे सगळ्यांना नवल वाटायचे. मलाही वाटायचे, पण मी तिला तसे कधी सांगितले नाही.

अण्णांचा एक कडक नियम होता. रंग ओला असताना तोंड बंद. प्रश्न नाही, उत्तर नाही, हसणे नाही. बोलले की हात हलतो. आम्ही तो मोठे झाल्यावरही पाळायचो.

अण्णा गेल्यावर तीन महिन्यांनी आम्ही औषधांच्या एका दुकानाची पाटी करत होतो. धाकटी शिडीवर होती, लाल रंग ओला होता. मी खालून कागद वर धरला आणि म्हणालो, "सही कर."

तिने एवढेच विचारले, "कशाचा कागद?"

"वीजमीटरवरचं नाव बदलायचंय."

नियम मोडून एक प्रश्न विचारून झाला होता, पुढचा तिने विचारला नाही. तिने ब्रश दातांत धरला, कागद शिडीच्या पायरीवर टेकवला आणि सही केली. खाली तिच्या अंगठ्याचा लाल ठसा उमटला. तो कागद मीटरचा नव्हता. अण्णांच्या गाळ्यावरचा आपला हक्क आपण सोडत आहोत, असे त्यात लिहिले होते. मीटर आजही अण्णांच्याच नावावर आहे.

मी असे का केले? लग्न होऊन ती दुसऱ्या घरी गेली होती, आणि मला भीती वाटत होती की उद्या तिचा नवरा येऊन अर्धा गाळा मागेल. तो बिचारा पोस्टात होता, त्याला ब्रश कुठल्या बाजूने धरतात तेही माहीत नव्हते. भीती मला सगळ्याचीच वाटते. पण ती भीती खोटी होती आणि लबाडी खरी होती.

वर्षभराने ती म्हणाली, "दादा, पाटीवर माझंही नाव टाकू या." तेव्हा मी कागद काढून दाखवला. तिने आपली सही पाहिली, लाल ठसा पाहिला आणि म्हणाली, "दादा, रंग ओला होता रे." एवढेच. ब्रशांचा डबा टेबलावर ठेवला आणि गेली. अठ्ठावीस वर्षे आमचे बोलणे नव्हते. माझी बायको गेली तेव्हा आली, सुनेजवळ बसली आणि माझ्याकडे न बघता निघून गेली. घरच्या टेबलावर ती गाड्यांच्या नंबरप्लेटा रंगवायची. तिचा आठ मी शंभर आठांत ओळखतो, त्याची कंबर बारीक असते. चौकात उभा राहून मी गाड्यांचे आठ बघायचो. लोकांना वाटायचे, म्हातारा रिक्षा शोधतो आहे.

म्हणून या गाळ्याचा अर्धा हिस्सा माझ्या मृत्यूनंतर माझ्या धाकट्या बहिणीला जावा आणि अर्धा मुलाला. यातही बदल झाला आहे. कलम सहा वाचल्याशिवाय कोणी काही बोलू नये.

कलम ५. चुकीच्या पाट्या. हे कलम लिहिताना मला पाणी प्यायला उठावे लागले.

इंग्रजीत एखादी वस्तू कोणाची आहे ते सांगायला मालकाच्या नावापुढे एस लावतात आणि त्याच्या डोक्यापाशी एक शेपटीवाले टिंब देतात. चाळीस वर्षे मी ते टिंब दिले आणि कुठे द्यायचे ते मला ठाऊक नव्हते. गिऱ्हाईक चिठ्ठीवर शब्द लिहून द्यायचे, टिंब कोणी लिहायचे नाही. मोठ्या बाजारातल्या पाट्यांवर असते, म्हणून जिथे जागा मोकळी दिसेल तिथे मी आपला देऊन टाकायचो. पाटी भरल्यासारखी दिसायची. गिऱ्हाईक खूश, मी खूश.

दोन महिन्यांपूर्वी पलीकडच्या शिंप्याकडे एक बाई ब्लाउज टाकायला आल्या. पाटी वाचून म्हणाल्या, "पाटीप्रमाणे इथे पुष्कळ शिंपी हवेत. बाकीचे कुठे गेले?" शिंपी तसाच टेप गळ्यात घेऊन माझ्याकडे आला. मला त्या दिवशी जेवण गेले नाही. बाईंना गाठले. त्या दर मंगळवारी सकाळी वाचनालयात म्हाताऱ्यांना इंग्रजी शिकवतात. मी नवीन वही आणि दोन पेन घेऊन गेलो, एक बंद पडले तर दुसरे असावे म्हणून. आत पाऊल टाकले आणि पहिल्या बाकावर कोण? धाकटी. तिची नात फोनवर इंग्रजीत बोलते, ते कळावे म्हणून ती येत होती.

मी परत फिरणार तोच तिने मोठ्याने विचारले, "बाई, हे नवीन कोण आलेत?"

सगळ्यांनी मागे पाहिले. आता पळता येईना. पुस्तके कमी होती, दोघांत एक. रिकामी जागा तिच्याच शेजारी. तिने पुस्तक मधोमध सरकवले आणि दोघांच्या मधे चष्म्याचे घर उभे केले, कुंपणासारखे.

बाई म्हणाल्या, बाकावर शेजारी बसलेल्याच्या मालकीची एक वस्तू इंग्रजीत सांगा. धाकटी उभी राहिली आणि इंग्रजीत म्हणाली, "माय ब्रदर्स शॉप."

बाईंनी विचारले, "भाऊ एक की जास्त?"

"एकच. दुसरा असता तर त्याच्याकडे गेले असते."

वर्ग हसला. बाई म्हणाल्या, "मग टिंब एसच्या आधी. भाऊ दोन-चार असते तर एसच्या नंतर दिलं असतं. आणि दुकान त्यांचं एकट्याचंच ना?"

"एकट्याचंच. कागदावर माझीच सही आहे."

या वेळी कोणी हसले नाही. ती खाली बसली आणि वहीत टिंब जिथे हवे होते नेमके तिथे दिले. तिचे अक्षर तसेच आहे.

मग बाईंनी जे सांगितले ते मी वहीत चौकट करून ठेवले आहे. आपण म्हणतो भावाचा गाळा, भावाची शिडी, भावाचे ब्रश. आपला चा, ची, चे वस्तू बघून बदलतो. इंग्रजीत वस्तूकडे कोणी बघत नाही, आधी मालक एक की अनेक ते मोजतात. मी जन्मभर गाळा बघत बसलो, शिडी बघत बसलो. मालक मोजले नव्हते.

तिसऱ्या मंगळवारी बाईंनी विचारले, भाऊ आणि बहीण, दोघांचे मिळून एकच दुकान असेल तर टिंबे किती? मी म्हणालो दोन. धाकटी फळ्याकडे बघत म्हणाली, "एकच. शेवटच्या नावाला. दोन टिंबं दिली की दुकानं वेगळी झाली." तिचेच बरोबर निघाले. त्या दिवशी चष्म्याचे घर बाकावर आडवे पडले होते. मी ते उभे केले नाही. तिनेही केले नाही.

तर चुकीच्या पाट्या मी पायी फिरून मोजल्या, सतरा भरल्या. शिडी बंद करायच्या आधी अकरा दुरुस्त केल्या, फुकट. उरलेल्या सहा मुलाने कराव्यात, हे त्याच्यावर बंधन आहे. मुलांच्या बुटांच्या दुकानाची पाटी करताना आधी बाईंना विचारावे. 'मुले' हा इंग्रजी शब्द मुळातच अनेकांचा आहे आणि तरी त्याचे टिंब एसच्या आधीच येते. शेजारचा न्हावी ऐकत नाही. म्हणतो, "काका, माझ्याकडे दोन खुर्च्या, तीन कात्र्या, चार आरसे. मग पुष्कळ झाले की नाही?"

"अरे, कात्र्या मोजायच्या नाहीत, मालक मोजायचा. तू एकटा आहेस."

"राहू द्या हो. चूक असताना वीस वर्षं गर्दी आहे. दुरुस्त केली आणि गिऱ्हाईक फिरलं तर?"

त्याची पाटी सगळ्यात शेवटी करावी, पण करावी.

कलम ६. बदल. वरचे लिहून दहा दिवस झाले. मधल्या काळात जे घडले त्यामुळे वरची दोन कलमे मोडली. वकीलबाई म्हणाल्या, नवीन कागदावर स्वच्छ लिहून काढा. मी म्हणालो, राहू द्या, पाटी कशी झाली ते खालचा थर बघितल्यावरच कळते.

मंगळवारी वर्ग सुटल्यावर वाचनालयाच्या पायऱ्यांवर मी तिला हाक मारली.

"धाकटे, मी मृत्युपत्र करतोय. अर्धा गाळा तुझ्या नावावर."

"कधीपासून?"

"म्हणजे... माझ्यामागे."

"तुझ्यामागे! आणि तू कधी जाणार आहेस?"

"ते मी कसं सांगू?"

"मग मी काय रोज सकाळी दार वाजवून विचारू, दादा, आहेस का गेलास? अरे, तू सिग्नल हिरवा झाल्यावरसुद्धा दोनदा बघतोस. तू शंभरी गाठणार. तोवर मी पाट्या काय कवळी लावून रंगवू?"

"मग काय करू?"

"द्यायचं असेल तर हातात दे. मेलेल्या माणसाकडून मला काही नको. मला भांडायला कोण उरेल?"

आणि ती हसली. अठ्ठावीस वर्षांनी! समोरचा एक दात गेला आहे तिचा, मला माहीतच नव्हते.

मुलाला सांगायची मला फार धास्ती होती. त्याच्या दुकानात गेलो, मशीन चालू होते, तीन वेळा सांगावे लागले. शेवटी त्याने मशीन बंद केले.

"बाबा, अर्धा गाळा आत्याचा आहे हे मला शाळेत असल्यापासून माहीत आहे. आईने सांगितलं होतं."

"मग तू बोलला का नाहीस?"

"तुम्ही कधी बोलताय ते बघत होतो." मग म्हणाला, "मला शिडी द्या. तुम्ही तिच्यावर चढू नये म्हणून."

शिडी त्याला दिली.

काल सकाळी नोंदणी कार्यालयात जाऊन मी अर्धा गाळा धाकटीला बक्षीस म्हणून लिहून दिला. शिक्के बसले, अंगठे झाले. ती म्हणाली, "किल्ली?" मी दुसरी किल्ली खिशातच नेली होती. तो जुना लाल ठशाचा कागदही दिला. तिने तो उलटसुलट पाहिला आणि गाळ्यात आल्यावर त्याला ब्रश पुसला.

आता साक्षीदारांचे. मला या मृत्युपत्रावर तिचीच सही हवी होती. एकदा खोटे सांगून घेतली होती, एकदा खरे सांगून घ्यायची होती. पण वकीलबाईंनी पहिल्याच दिवशी मोडता घातला होता. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये.

"एखादा ब्रशसुद्धा?"

"ब्रशसुद्धा."

हे कळल्यावर धाकटी म्हणाली, "मग ब्रशही आत्ताच दे ना, कसला विचार करतोस?" मी डबा दिला, काठी दिली, दोरी दिली. तिने डबा उघडून एकेक ब्रश मोजला आणि म्हणाली, "दोन कमी आहेत." ते फोटोग्राफरकडे असणार.

म्हणून कलम तीनमधला बहिणीचा भाग आणि कलम चारमधला बहिणीचा भाग रद्द. गाळ्याचा माझा उरलेला अर्धा हिस्सा माझ्यामागे मुलाला. या मृत्युपत्राने माझ्या धाकट्या बहिणीला काहीही मिळत नाही. गाळा नाही, ब्रश नाही, खिळा नाही, जुनी चिंधी नाही. हे वाक्य मी तीन वेळा मोठ्याने वाचले. इतके छान वाक्य मी आजवर कुठल्याही पाटीवर लिहिलेले नाही.

कलम ७. नवीन पाटी. पत्रा दोन स्टुलांवर आडवा ठेवला आहे, पांढरा हात देऊन झाला आहे, खडूने अक्षरे आखली आहेत. भाऊ आणि बहीण, इंग्रजीत, टिंब एकच. ते तिच्या टोकाला येते, ती तिथूनच सुरुवात करणार आहे. सह्या झाल्या की लगेच. मधे गाठ पडायच्या आत मला काही झाले तर बाकीची अक्षरे तिने करावीत, पण तसे होणार नाही. डॉक्टर म्हणाले आहेत, काळजीचे काही नाही.

शेवटचे. हा भाग मी साक्षीदारांसमोर लिहीत आहे. वरची पाने धाकटी टेबलापलीकडे बसून वाचते आहे. अर्धा तास झाला. न्हावी घाई करतो आहे. "आत्या, मी खुर्चीत एकाची अर्धी दाढी ठेवून आलोय."

"बसू दे त्याला. अर्ध्या दाढीने कोणी मरत नाही." आणि मला, "दादा, मीटर अजून अण्णांच्या नावावर? कमाल आहे तुझी."

आता तिने चष्मा काढला. हा भाग वाचायला मागते आहे, म्हणून पेन ठेवतो.

ठिकाण: गाळ्याची मागची खोली, खिडकीजवळचे टेबल.
दिनांक: सतरा ऑक्टोबर, गुरुवार, सकाळी पावणेबारा.

लिहून ठेवणार: अक्षरवाला. सही केली.

साक्षीदार पहिला: शेजारचा न्हावी. सही केली. पाटीबद्दलचे कलम मला मान्य नाही, पण सही पाटीसाठी नाही असे सांगितल्यावरून केली.

साक्षीदार दुसरी: धाकटी बहीण. सही केली, डाव्या हाताने, खुर्चीवर बसून. शेवटचा भागही धरून सगळे वाचले. सात प्रश्न विचारले, सातही उत्तरे मिळाली. शाई वाळली आहे. दादा, ऊठ आता, पत्रा थांबला आहे.